जन्म-मरणावर फोटो सिरीज करायचीय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, माझ्या चुकांसकट

तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं की आपण फाइन आर्ट फोटोग्राफी करायची, आणि तीही जीवन, मृत्यू, निसर्ग असल्या भारी विषयावर. मग पहिलं काम काय केलं असेल तर ऑनलाइन एक प्लास्टिकची कवटी मागवली. सोबत दोन मेणबत्त्या, एक वाळका गुलाब आणि बाबांचं बंद पडलेलं घड्याळ. पडद्यावर काळी चादर लावली, दोन तास खटपट करून फोटो काढला आणि कौतुकाने आईला दाखवला. ती म्हणाली, "छान आलाय, पण ती कवटी घरात कशाला आणलीस गं, श्रावण चालूय."

फोटो टेक्निकली बरा होता, पण त्यात माझं काहीच नव्हतं. कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ हा सगळा सरंजाम सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचा, त्यांच्या लोकांना तो बघताक्षणी कळायचा, जसा आपल्याला दक्षिणेकडे वात केलेला दिवा कळतो. मी तो उसना आणला आणि माझ्या आईला त्यात फक्त अशुभ दिसलं. पुढचं वर्षभर मी आणखी बऱ्याच चुका केल्या, मग हळूहळू एक १४ फोटोंची सिरीज झाली. तुमचा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

१. कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी एक वाक्य लिहा

"मृत्यू" हा विषय नाही होत, तो फार मोठा आहे, त्याचा फोटो निघत नाही. तुम्हाला नेमकं काय बघितल्यावर हे सुचलं ते एका साध्या वाक्यात लिहा, ओळखीतल्या माणसाला फोनवर सांगाल तसं.

माझं वाक्य असं होतं: आजीने न्हाणीमागे लावलेली केळ कधीच मेली, आज तिथे उभी आहे ती तिची पणती.

आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू वाढतं, तसंच आमच्याकडेही. आजी गेल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा काका सहज बोलून गेले की ही केळ तुझ्या आजीच्या हातची. आणि मग स्वतःच म्हणाले, म्हणजे हीच नव्हे गो, हिच्या आधीची, तिच्याही आधीची. कारण केळ एकदाच घड देते. घड उतरवला की ती तोडायची, तोवर बुडाशी मुनवे आलेले असतात, त्यातला एक वाढतो. झाड मरतं आणि बेट तसंच राहतं. मला तिथल्या तिथे कळलं की ती कवटी आता माळ्यावर टाकायची.

तुमचं वाक्य लिहिताना नश्वरता, अनंत, चक्र, अस्तित्व यातला एकही शब्द आला तर खोडा आणि परत लिहा. माझी पहिली सहा वाक्यं अशीच गेली.

२. प्रतीक आपल्या ओळखीचं निवडा

इथे घाई करू नका, सगळी मजा इथेच आहे. आपल्याकडे बघायला गेलं तर खजिना आहे:

- प्राजक्त: रात्री फुलतो, सकाळी सडा. जमिनीवरचं फूल देवाला चालतं ते हेच, बाकी कुठलं खाली पडलेलं आपण वाहत नाही.
- कारवी: सह्याद्रीत सात वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा करते, बी धरते आणि वाळून जाते.
- वडाचं रोप: पक्ष्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, मुळं खाली सोडत सोडत शेवटी त्या झाडालाच गिळतं. पडक्या वाड्याच्या भिंतीतला पिंपळही तसाच.
- वीरगळ: गावोगाव देवळाबाहेर उभे असतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर त्याचं स्वर्गात जाणं, अगदी वर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला बांगड्या घातलेला हात.
- सापाची कात, पाचोळा, राखेवर उगवलेलं गवत, उन्हाळ्यात काड्या झालेली वृंदावनातली तुळस.

आणि कावळा. कावळ्याबद्दल जरा सांगते. मासाहिसा फुकासे म्हणून एक जपानी फोटोग्राफर होता, घटस्फोटानंतर तो वर्षानुवर्षं डोमकावळेच टिपत राहिला, त्याच्याकडे त्या काळ्या पक्ष्यांत भयाण एकटेपण दिसतं. आपल्याकडे कावळा म्हटलं की दहाव्याचा पिंड, घाटावर ताटकळलेली माणसं आणि "काही राहिलं असेल हो त्यांच्या मनात" हे वाक्य. पक्षी तोच, पण अर्थ बघणाऱ्याच्या घरातून येतो. म्हणून दुसऱ्याचं प्रतीक उचलायच्या आधी दहादा विचार करा.

दुसऱ्या बाजूने एक खड्डा आहे तोही सांगते: प्रतीक म्हणजे पाटी नव्हे. रांगतं बाळ + वाळलेलं झाड = जीवन आणि मृत्यू, असा फोटो बघणाऱ्याला एका सेकंदात कळतो आणि दुसऱ्या सेकंदाला तो पुढे जातो. वस्तू आधी वस्तू म्हणून नीट बघायची. एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक साधी भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात उभी करून फोटो काढला, त्यात लोकांना माणसाची पाठ दिसते, दंड दिसतात, काय काय दिसतं, पण त्याने फक्त मिरचीच काढलीय, आणि ती बारकाईने.

३. सामान

मोठी यादी नाही. माझ्याकडे जे होतं आणि जे खरंच लागलं ते:

- मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) देणारा कुठलाही कॅमेरा, जुना चालेल. फोनही चालतो, फक्त प्रिंट किती मोठी निघणार ते पुढे आठव्या पायरीत वाचा
- ट्रायपॉड (यात पैसे वाचवू नका, माझा पहिला वाऱ्यात डुलायचा)
- एक मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (साध्या लेन्समागे लावून तेच काम करणारी नळी)
- पोलरायझर (चमक घालवणारा फिल्टर) आणि एक एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच)
- दीड-दोन मीटर काळं वेल्वेट. साधं काळं कापड उजेडात राखाडी दिसतं, वेल्वेट उजेड पिऊन टाकतं
- थर्माकोलचा पांढरा तुकडा, उजेड परतवायला
- वही आणि पेन्सिल
- कोकणात किंवा पावसात काम असेल तर झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल

शेवटची गोष्ट मी हसण्यावारी नेली होती. जुलैचे तीन आठवडे कॅमेरा कापडी बॅगेत माळ्याखाली ठेवला आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. साफ करायला लेन्सच्या निम्मे पैसे गेले. मृत्यू आणि निसर्ग यावरचं ते माझं पहिलं खरंखुरं काम म्हणायचं.

४. परवानगी आणि रीत

हे कंटाळवाणं आहे पण वाचा.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात हातात कॅमेरा धरून साधारण कोणी अडवत नाही, ट्रायपॉड लावलात की परवानगी मागतात. आधी अर्ज करा, तिथे जाऊन हुज्जत घालू नका.

कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं. फुलांमध्ये आडवं पडून मॅक्रो काढायचा विचार असेल तर सोडून द्या, तुमच्या कोपराखाली जी चिरडतील तीही फुलंच असतात.

देवराईत जायचं तर गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या. बऱ्याच देवरायांत पडलेलं लाकूडसुद्धा उचलत नाहीत, काही ठिकाणी चपला बाहेर काढतात. पान हलवून फ्रेम "सुधारायची" सवय तिथे बंद.

रानात सापडलेलं शिंग, कवटी, घरटं, पंख घरी आणून टेबलावर मांडायचा मोह होतो. नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात असल्या गोष्टी जवळ बाळगणं महागात पडू शकतं. जिथे आहे तिथेच फोटो काढा, तसा तो चांगलाही येतो.

आणि स्मशान. नवीन माणसाला वाटतं मृत्यू म्हणजे स्मशानच. मी एकदा गेले, लांबून काढत होते, पण एक मुलगा वळून माझ्याकडे बघत राहिला, काही बोलला नाही, फक्त बघत राहिला. मी कार्ड तिथेच फॉरमॅट केलं. दुसऱ्याच्या घरातल्या माणसाचा शेवटचा दिवस तुमच्या सिरीजसाठी नसतो. घरच्यांनी स्वतःहून बोलावलं तर गोष्ट वेगळी.

५. उजेड आणि सेटिंग

कडक उन्हात केळीचं पान आरशासारखं चमकतं आणि फोटोत पांढरे डाग येतात. पोलरायझर फिरवा, चमक जाते आणि हिरवा खोल होतो. ढगाळ दिवस सगळ्यात बरा. पण पान उजेडासमोर आलं, म्हणजे सूर्य पानाच्या मागे आणि तुम्ही पुढे, की त्याच्या शिरा एक्स-रेसारख्या दिसतात. त्यासाठी सकाळचे साडेसात ते साडेआठ. कॅमेरा अशा वेळी गोंधळतो, म्हणून पानाच्या उजळ भागावर मीटरिंग करा (तिथला उजेड मोजा), हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ जागा, जळत नाहीत ना एवढं हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा, सावल्या काळ्या झाल्या तर होऊ द्या.

साधारण सेटिंग: आयएसओ १००, एफ ८ ते एफ ११ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर जे येईल ते, ट्रायपॉड आहेच. एफ २२ वर जाऊ नका, सगळं शार्प होईल असं वाटतं पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरतो) उलट मऊ पडतं. मॅक्रोमध्ये एफ ११ लाही केळफुलाचं टोक शार्प आणि मागचं सगळं धूसर येतं, त्यासाठी फोकस थोडा थोडा सरकवत ८-१० फोटो काढून ते नंतर एकत्र करा.

एनडी फिल्टर कशाला, तर हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या गोष्टी एका फ्रेममध्ये वेगळ्या करायला. तोडलेल्या केळीचा बुंधा स्थिर असतो, शेजारच्या केळीची पानं वाऱ्यात असतात. संध्याकाळी एफ ११ ला १/३० सेकंद येत असेल तर ६ स्टॉपचा फिल्टर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावून साधारण २ सेकंद होतात, १० स्टॉपचा लावून ३३ सेकंद. २ सेकंदात पानं नुसती हललेली, चुकल्यासारखी दिसली. ३३ सेकंदात पानांचा धूर झाला आणि खाली तो बुंधा, कापलेल्या कडेसकट, प्रत्येक थर मोजता येईल इतका स्पष्ट. सिरीजमधला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच, आणि त्यात कवटी-बिवटी काही नाही.

कापडाबद्दल एकच: केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही. जुने कपडे घालून जा. वेल्वेटवर माझ्या अजून चार चॉकलेटी डाग आहेत.

६. एकाच गोष्टीकडे परत परत जा

पहिल्या भेटीत जे फोटो निघतात ते सगळ्यांचेच सारखे असतात. मी महिन्यातून एकदा, जमेल तेव्हा दोनदा गावी जायचे, पुण्याहून रात्रीच्या एसटीने. ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी जांभ्या चिऱ्याचे तीन तुकडे जमिनीत पुरून ठेवले होते, म्हणजे दर वेळी तीच फ्रेम. वहीत तारीख, वेळ, उंची, लेन्स आणि त्या दिवशी वेगळं काय दिसलं ते एक ओळ.

त्या ओळींनीच सिरीज झाली. एक ओळ अशी आहे: "केळफुलाची एक पारी उलटी वळली, आत बारकी केळी ओळीने, फणीच्या दातांसारखी." दुसरी: "काकांनी जास्तीचे मुनवे छाटले." हा दिवस मी विसरणार नाही. सकाळी कोयत्याने आडवे छाटलेले मुनवे, पांढरे, गोल, कांद्यासारखे थर. मी दोन फोटो काढून नाश्त्याला गेले. दुपारी परत आले तर मधला गाभा वर आला होता, बोटाच्या पेराएवढा. बाजूचे थर कापलेल्या जागीच करपत होते आणि मधला, आपल्याला छाटलंय हे अजून कोणी सांगितलं नसल्यासारखा, वर चालला होता. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मगे, वाढताच ता. म्हणून तर पुन्हा पुन्हा छाटूक लागता." त्यांच्यासाठी ती कटकट. मी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही, दर वीस मिनिटांनी एक फोटो.

आणि नशिबाचा भाग: मोठा घड पिकायच्या आदल्या आठवड्यात मी सगळं ठरवून ठेवलं होतं, शनिवारी घडासकट केळ, मग तोड, मग रिकामी जागा. शनिवारी पोचले तर केळ आडवी. गुरुवारीच घड उतरवून बाजारात गेला होता, गिऱ्हाईक आलं म्हणून. मी चक्क रडले. मग जे होतं ते काढलं: आडवा पडलेला खांब, त्यातून झिरपणारं पाणी, त्यावर माश्या आणि मागे उभा असलेला कंबरेएवढा मुनवा. ठरवलेला फोटो निघाला असता तर हा निघाला नसता. तरी सल्ला हाच की ज्याचं झाड आहे त्याला फोन करून जा.

७. निवड

वर्षअखेर माझ्याकडे ९०० च्या वर फ्रेम होत्या. स्क्रीनवर निवडू नका. साधारण शंभर काढा, कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट करा आणि जमिनीवर पसरा. आठवडाभर तशाच ठेवा, येता-जाता ज्याच्यावर नजर अडत नाही ती उचलून टाका. सुंदर आहे पण तुमच्या पहिल्या वाक्याशी संबंध नाही, अशी प्रिंट पहिली बाहेर. मला दवाच्या थेंबांचे तीन अप्रतिम फोटो टाकावे लागले, अजून जिवाला लागतं.

ब्लॅक अँड व्हाइट का रंगीत? नवीन माणूस मृत्यू म्हणून सगळं काळं-पांढरं करतो. माझ्या केळफुलाचा जांभळा-लाल रंग गेला की तो नुसता एक टोकदार आकार उरत होता, म्हणून मी रंगीत ठेवलं. वीरगळ असते तर बहुतेक काळं-पांढरं केलं असतं, तिथे दगडाचा पोत आणि तिरपा उजेड एवढंच काम आहे.

एडिटिंगमध्ये नसलेला कावळा फांदीवर बसवणे, आकाश बदलणे, कडेने काळोख ओतणे हे टाळा. कोलाज किंवा कॉम्पोझिट हीच तुमची पद्धत असेल तर खुशाल करा, पण मग उघडपणे करा.

८. प्रिंट

फाइन आर्टमध्ये प्रिंट हीच कलाकृती, फाइल नव्हे. हिशोब सोपा आहे: पिक्सेल भागिले ३००. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ६००० बाय ४००० देतो, म्हणजे २० बाय १३ इंच, ए-थ्री आरामात बसतो. १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० देतो, तो १३ बाय १० इंचापर्यंत.

कागद शंभर टक्के कॉटनचा मॅट घ्या, ३०० जीएसएमच्या (कागदाचं वजन) आसपास, शाई पिगमेंटची. लॅबकडून त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) मागा आणि सॉफ्ट प्रूफ बघा, म्हणजे प्रिंट कशी येईल ते आधी स्क्रीनवर. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा. सगळ्यांच्या पहिल्या प्रिंट काळपट येतात त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

आणि आधी टेस्ट पट्टी, मग पूर्ण ऑर्डर. मी घाईत १४ च्या १४ एकदम टाकल्या, लॅबने प्रोफाइल भलताच लावला आणि माझी केळी निळसर आली, माशांच्या टाकीत ठेवल्यासारखी. "मॅडम, मोबाइलवर छानच दिसतंय" असं उत्तर मिळालं. निम्मे पैसे बुडाले. आता मी अर्धा फूट पट्टी काढते, दिवसा खिडकीपाशी नेऊन बघते, मगच हो म्हणते.

एडिशन ठरवा, म्हणजे एका फोटोच्या एकूण किती प्रिंट काढणार ते, ५ किंवा १०. खाली डावीकडे पेन्सिलने ३/१० असा नंबर, उजवीकडे सही. एकदा १० म्हटलं की अकरावी काढायची नाही, कितीही कोणी मागितली तरी. फ्रेम करताना प्रिंट काचेला टेकू देऊ नका, मध्ये अॅसिड-फ्री माउंट हवा, नाहीतर दमट हवेत ती काचेला चिकटते.

९. नाव आणि निवेदन

दीडशे शब्द पुरे. कुठे, किती काळ, काय बघितलं. बघणाऱ्याला काय वाटलं पाहिजे ते लिहू नका. फोटोंना नावं देताना मी फक्त महिना आणि जागा ठेवली: "न्हाणीमागे, भाद्रपद". एका मैत्रिणीने "शाश्वताचा अंकुर" सुचवलं होतं. मैत्री टिकून आहे.

१०. दाखवायचं कुठे

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न सगळेच बघतात, अर्ज जरूर करा, पण नंबर लागायला वर्षं जातात, तोवर प्रिंट गादीखाली ठेवू नका. महापालिकेची कलादालनं, कॉलेजचे हॉल, वाचनालयं यांची भाडी परवडतात. भाडं, दिवे, खिळे मारायची परवानगी आणि रात्री कुलूप कोणाकडे, हे चार प्रश्न आधी विचारा.

मी पहिल्यांदा गावातच लावलं, देवळाच्या सभामंडपात, गौरी-गणपतीत मुंबईकर आलेले असतात तेव्हा. फ्रेम एसटीच्या डिकीतून न्यायच्या असतील तर दोन-दोन फ्रेम काचेला काच लावून मध्ये जुनी चादर घाला, कडांना पुठ्ठा बांधा आणि काचेवर टेपची फुली मारा, फुटली तरी प्रिंटवर तुकडे पडत नाहीत. माझी एकच फुटली.

काका सगळ्यात शेवटी आले. आडव्या केळीच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, मला वाटलं आता आजीचं काहीतरी बोलतील. चष्मा वर करून म्हणाले, "घड खंय ह्यात?" मी म्हटलं, तो तुम्ही गुरुवारीच विकलात. "होय तर," म्हणाले, "चांगलो भाव गावलेलो."

मागचा मुनवा आता घडावर आलाय. या वेळी मी आधी फोन करून ठेवलाय.